गिरणीतली प्रतिष्ठापना

आमच्या घरात कुणीच हळू बोलत नसे. त्याला स्वभाव कारण नव्हता, गिरणी होती. तेर गावच्या बाजारपेठेच्या तोंडाशी पुढं गिरणी, मागं दोन खोल्यांत आम्ही, आणि मधे एक पत्र्याचं दार. सकाळी आप्पांनी खटका ओढला की मोटार आधी कण्हायची, मग पट्टा सपसप वाजायला लागायचा, आणि तिथून पुढं दिवसभर 'मीठ दे' एवढंसुद्धा आम्ही भांडल्यासारखं ओरडून सांगायचो. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना वाटायचं, या घरात आजच काहीतरी बिनसलंय. पीठ तर सगळीकडं असायचं: देवांवर, चपलांत, माझ्या वह्यांच्या पानांत, आप्पांच्या पापण्यांवर. दुपारी आई भाकरी थापायची, सोबत येसराची आमटी आणि शेंगाची चटणी, आणि ज्या दिवशी मिरची कांडपाला आलेली असायची त्या दिवशी सगळं घर शिंकत जेवायचं. अजूनही पुण्यात शांत जागी जेवायला बसले की मला घास गिळायला उशीर लागतो. काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

गिरणी आप्पांच्या नावावर होती, पण चालवायची आई. आप्पा यंत्राचे माणूस होते. पट्टा, राळ, जात्याच्या दगडाला टाकी लावणं यांत ते रमायचे आणि माणसांशी गरजेपुरतंच बोलायचे. बोलायचं खातं आईकडं होतं. दळणाचा नंबर मोडणाऱ्यांना, वीज घालवणाऱ्यांना, अवेळी येणाऱ्या पावसाला आणि वेळेवर न येणाऱ्या जावयांना ती एकाच भाषेत बोलायची, आणि ती भाषा इथं सगळी लिहिता येणार नाही. तिला आता कमी ऐकू येतं, गिरणीनं कान खाल्ले. पण बोलणं कमी झालेलं नाही.

मी तेव्हा कॉलेज संपवून धाराशिवला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. गाडीच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद लिहिलेलं असायचं, पण आमच्या तोंडात धाराशिवच होतं. कोर्स झाला आणि मी घरी बसले. घरात दोन मतं होती. आप्पांना वाटायचं, काहीतरी होईल. आईला वाटायचं, काही होणार न्हाय, आणि तोवर चाळणीवर बस. मी चाळणीवर बसले होते, तेव्हा गावातल्या शाळेचे हेडसर दळण घेऊन आले.

शाळेला शहरातल्या कुठल्या तरी कचेरीनं वापरून टाकून दिलेले कॉम्प्युटर भेट दिले होते. वरचा पत्रा होता, आतला जीव काढून घेतलेला. म्हणजे डिस्क साफ कोरी. हेडसरांकडं कुणीतरी दिलेली एक सीडी होती. तिच्यावर फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम होती, आणि ती मराठीत चालते असं त्या सीडीच्या पाकिटावर लिहिलं होतं. सर म्हणाले, "सुमन, एक मशीन घरी ने. त्याच्यावर हे बसव. सोमवारी दुपारी संस्थेचे अध्यक्ष येणारेत. मराठीतनं चाललेलं दिसलं की मी तुझ्यासाठी शब्द टाकतो. संगणक शिक्षिका." ते शेवटचे दोन शब्द त्यांनी गिरणीच्या आवाजावर ओरडून म्हटले, त्यामुळं ते अर्ध्या बाजारपेठेनं ऐकले. आता मागं फिरायची सोय राहिली नाही.

मशीन सायकलच्या कॅरिअरवर बांधून घरी आलं. आम्ही ते मधल्या दाराशी, पिठाच्या पोत्यांपासून जरा लांब, आप्पांच्या टेबलावर मांडलं. आईनं त्याला हळदीकुंकू लावलं आणि मग विचारलं, "ह्यो वीज किती खातो?" मी सीडी घातली. पडदा निळा झाला, एक वर्तुळ फिरायला लागलं, आणि तेवढ्यात आप्पांनी खटका ओढला. मोटार कण्हली, घरातला बल्ब लाजल्यासारखा बारीक झाला आणि मशीन मेलं. परत चालू केलं, परत मेलं. गिरणी आणि कॉम्प्युटर एका लाइनवर नांदणार नाहीत हे आप्पांनी लगेच ओळखलं. ते आईकडं बघायला लागले. आईनं तो विषय दोन दिवस लांबवला. शेवटी सोमवार सकाळ उजाडली तेव्हा ती म्हणाली, "किती येळ बंद ठिवायची?"

"थोडा वेळ," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटलं होतं.

गिरणी बंद झाली आणि आमचं घर एकदम अनोळखी वाटायला लागलं. चिमण्या ऐकू आल्या. शेजारच्या काशीकाकू जवारीचा डबा घेऊन आल्या होत्या, त्यांच्यामागं आणखी तीनचार बायका. "काय मेलं का कोण?" काकूंनी दारातनंच विचारलं. गिरणी बंद म्हणजे गावात तोच अर्थ. आई म्हणाली, "न्हाय वं, सुमीचं मिशीन बसायलंय. बसा." आणि त्या बसल्या, पोत्यांवर, पायरीवर, आणि सगळ्यांची तोंडं माझ्या पाठीकडं.

मी भाषा मराठी निवडली. मोठ्या अक्षरांत आलं: 'प्रतिष्ठापनेत आपले स्वागत आहे.' मी ते मोठ्यानं वाचलं.

"कुणाची प्रतिष्ठापना?" काशीकाकूंनी विचारलं. "गणपती तर लांब हाय."

"याचीच," मी म्हणाले. "मशीनमधी बसवायचं म्हंजे प्रतिष्ठापना."

"मग आदी नारळ फोडावा का न्हाय!" काकू म्हणाल्या, आणि मी अडवायच्या आत आप्पांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. आप्पा असे. बोलत नसत, पण कामाला मागं नसत.

पुढच्या पडद्यावर एकच रिकामी चौकट होती आणि वर लिहिलं होतं, 'यजमान नाव द्या.' मी वाचलं. मग काशीकाकूंच्या तोंडावर पदर गेला आणि सगळ्याच बायका खिदळायला लागल्या. आमच्याकडं यजमान म्हणजे नवरा. सत्यनारायणाला बसणारे ते यजमान, आणि 'आमचे यजमान' म्हणजे ज्यांचं नाव घ्यायचं नाही ते. मी कोर्समध्ये शिकले होते की इथं मशीनचं नाव टाकायचं असतं. पण ते सांगेपर्यंत प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

"तुझं तर लगीन न्हाय झालं," काकू मला म्हणाल्या. "म्हंजे ते गिरणीच्या मालकिणीलाच इचारायलंय. घ्या वैनी नाव!"

"मिशिनीला कशाला पायजे माझ्या नवऱ्याचं नाव?" आई म्हणाली. "रेशन देतंय व्हय?"

पण बायका ऐकेनात. उखाणा झाल्याशिवाय पुढं जायचं नाही असा त्यांनी निकालच दिला. आईनं पदर खोचला, आप्पांकडं न बघता आढ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पट्टा सुटतो म्हणून पट्ट्याला लावली राळ, महादेवरावांचं नाव घेते, मुडद्या आता तरी पळ!" मुडद्या हे मशीनला होतं. आप्पा मात्र लाजून मोटारीमागं गेले. मी इंग्रजी अक्षरांत 'महादेव' टाइप केलं. ते मशीन नंतर मोडीत जाईपर्यंत महादेवच राहिलं.

मग आली वाटणी. पडद्यावर 'विभाजन' असं लिहिलं होतं आणि खाली पर्याय: संपूर्ण चकती पुसून टाका, किंवा हाताने विभाजन करा आणि आरोहण बिंदू निवडा. आरोहण बिंदू म्हणजे काय ते मला मराठीत कळलं नाही, आणि इंग्रजीत कोर्सच्या सरांनाही कळलं नव्हतं. काशीकाकूंच्या घरी तेव्हा दिरांशी जमिनीचा दावा चालू होता. विभाजन शब्द ऐकल्यावर त्यांचं हसू गेलं. "सुमे," त्या म्हणाल्या, "सगळं पुसून टाक. पर वाटणी करू नगंस बाई." मी सगळं पुसून टाक निवडलं. त्यावर मशीननं विचारलं, 'बदल जतन न करता पुढे न जाणे रद्द करू नये का?' खाली दोन बटणं: होय, नाही.

मी ते वाक्य मनात वाचलं, मोठ्यानं वाचलं, शेवटून वाचलं. आप्पा मोटारीमागनं येऊन बघून गेले आणि म्हणाले, "दोन्हीबी खोटंच वाटायलंय." मी होय दाबलं. का ते आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर कळफलक कुठला ते विचारलं, मी मराठी निवडला. परवलीचा शब्द दोनदा विचारला. आईला भूक लागली होती म्हणून मी इंग्रजी अक्षरांत 'भाकरी' हा शब्द ठोकला. चौकटीत नुसते काळे ठिपके उमटले. पुढं जायचं तर 'पुढे' हे बटणच दिसेना. शाळेचा मॉनिटर जुना, काच लहान, आणि त्यांची खिडकी मोठी. बटण काचेच्या खाली कुठंतरी गेलं होतं. मी बायकांना तसं सांगितलं. आई वाकून बघत म्हणाली, "खाली तर टेबल हाय." मग मी टॅबचं बटण दाबत आंधळेपणानं पुढं जात राहिले आणि एंटर मारत गेले. एकदा मागं गेले, एकदा भाषाच बदलून कुठली तरी अगम्य लिपी आली, शेवटी लागलं. पडद्यावर एक पट्टी आली आणि खाली लिहून आलं: 'दोन मिनिटे शिल्लक.'

"दोन मिनिटं," मी मोठ्यानं सांगितलं, आणि बायकांनी आपापले डबे उचलले.

त्या दोन मिनिटांत चहा झाला. त्या दोन मिनिटांत काशीकाकूंच्या घरून पाहुणे आल्याचा सांगावा आला, त्या जाऊन चूल पेटवून परत आल्या. दोनदा रांग वाढली. "किती राह्यलं गं?" "दोन मिनिटं." पट्टी पार शेवटाला टेकली होती आणि तिथंच म्हशीसारखी बसली होती. बायका आता मशीनवर नाही, माझ्यावर चिडल्या होत्या. घरी चुली थंड, आणि मी महारोग्यासारखी दोन मिनिटं मागत बसलेली. आप्पा खटक्यावर हात ठेवून उभे. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा रांगेकडं. मला वाटलं, आता ओढा म्हणणार. ती रांगेलाच म्हणाली, "माजी पोरगी बसलीय तिथं. ज्याला घाई हाय त्यानं घरी जात्यावर दळा." असं तिनं माझ्या बाजूनं चारचौघांत बोलणं ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. आणि मग पडद्यावर आलं, 'प्रतिष्ठापना पूर्ण झाली.' पोत्यांवरनं टाळ्या पडल्या. आणि वीज गेली.

वीज दुपारी आली तेव्हा मी शाळेत होते. मशीन तसंच सायकलवर बांधून नेलं होतं. अध्यक्ष हार घालून खुर्चीत बसले, हेडसरांनी स्तुती केली, मी बटण दाबलं. सगळं सुरेख चालू झालं, मराठीत 'सुस्वागतम्' आलं, आणि परवलीचा शब्द विचारला. मी भाकरी टाकलं. 'शब्द चुकीचा आहे.' परत टाकलं. चुकीचा. सावकाश, एकेक अक्षर बोटानं दाबत टाकलं. चुकीचा. अध्यक्ष हसून म्हणाले, "हे तर आपल्यालाच वळखंना," आणि सगळे हसले. हेडसरही हसले, हे माझ्या लक्षात राहिलं. अध्यक्ष चहा पिऊन गेले. कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप लागलं. मी घरी येऊन चाळणीवर बसले आणि कुणी विचारलं की पीठ डोळ्यात गेलं म्हणायचे.

काय झालं होतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. शब्द विचारताना कळफलक मराठी होता. मी इंग्रजी अक्षरं दाबली आणि ठिपक्यांच्या आड मराठीतलंच काहीतरी कडबोळं उमटलं. मशीन चालू होताना मात्र कळफलक इंग्रजी. म्हणजे ज्या कुलपाला मी किल्ली लावत होते, ते मीच दुसऱ्या भाषेत लावलेलं होतं, आणि कुणीही मला ते सांगितलं नव्हतं. मी हे आईला समजावलं. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. "म्हंजे तुजी चूक न्हाय," ती म्हणाली. "न्हाय," मी म्हणाले. "मग ज्येनं केलंय त्येला इचार की! पत्ता असंल का न्हाय त्या मुडद्याचा?"

पत्ता होता. सीडीच्या पाकिटावर ईमेल होता. मी धाराशिवला गेले, कॅफेत बसले आणि माझ्या धाराशिवी इंग्रजीत जे झालं ते सगळं लिहिलं: यजमान, वाटणी, होय-नाही, काचेखालचं बटण, दोन मिनिटं, भाकरी. आईच्या शिव्या गाळल्या. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पण पुढच्या खेपेला कॅफेत उत्तर होतं, आणि तेही मराठीत. पुण्याच्या एका मुलीचं, आदिती नावाच्या. तिनं लिहिलं होतं: 'यजमान नाव हे मी लिहिलंय. आरोहण बिंदूही मीच. तुमचं पत्र वाचून मला खूप हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही. मी तुमच्याकडे येऊ का?'

आईनं या माणसाची महिनाभर वाट पाहिली होती. आदितीचं पत्र मी वाचून दाखवलं होतं, तरी तिच्या कल्पनेत तो मिशावाला, पोट सुटलेला, ऑफिसात पंख्याखाली बसणारा होता, आणि त्याला काय काय बोलायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं. रविवारी तेरच्या गाडीतनं उतरली ती चष्म्यातली, काडीसारखी, माझ्याहून लहान पोरगी. पाठीवर दप्तर. गाडी लागून तिचा चेहरा पिवळा झालेला. आईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ही व्हय?" ती मला म्हणाली. आणि मग, "आदी खायाला घाल तिला."

जेवण झाल्यावर आईनं गिरणी बंद केली, हेडसरांकडनं आणवलेलं मशीन मांडलं आणि आदितीला त्याच्यासमोर बसवलं. काशीकाकू होत्याच. "आता तू बसीव," आई म्हणाली. आदिती हसत बसली. पहिला पडदा गेला, दुसरा गेला. विभाजनाशी ती थांबली. मी सांगायला तोंड उघडलं तर आईनं माझं मनगट धरलं. "गप. तिला करू दे."

आदिती पडद्याकडं बघत राहिली.  मग ती हळूच म्हणाली, "मी हे पडदे कधी पाहिलेच नाहीत."

"म्हंजे?" आईनं विचारलं.

"आम्हाला नुसती इंग्रजी वाक्यं येतात. एकाखाली एक, शेकड्यांनी. कुठलं कुठं दिसणार ते कळत नाही. मी हॉस्टेलवर बसून शब्दकोश बघून लिहिते. आरोहण बिंदू मीच लिहिलंय, पण तो काय असतो ते मला माहीत नाही."

"आगं मग लिव्हलंस कशाला?" काशीकाकू म्हणाल्या.

आदितीनं चष्मा काढून पुसला. "दुसरं कुणी लिहीत नव्हतं, काकू. मी नसतं लिहिलं तर ते इंग्रजीतच राहिलं असतं."

आईनं महिनाभर घोकलेलं सगळं तिच्या ओठावर असणार, मी ओळखत होते. पण तिनं दळणाचा डबा पालथा घातला, आदितीच्या शेजारी त्याच्यावर बसली आणि म्हणाली, "बरं. मग वाच. आपुन बगू काय म्हणायचं त्येला."

ती दुपार तशीच गेली. आदिती वाचायची, मी त्याचा अर्थ सांगायचे आणि पोत्यांवरच्या बायका आपापसात भांडून शब्द ठरवायच्या. प्रतिष्ठापना आईनं पहिल्या झटक्यात काढली. "मोटार बसिवत्यात, गिरणी बसिवत्यात, मग हे बी बसवा." यजमान जाऊन कॉम्प्युटरचं नाव आलं, काशीकाकूंना ते जरा जड गेलं. होय-नाहीच्या जागी आईनं आदितीला विचारलं, "होय दाबलं तर काय व्हतंय?" "सगळं पुसलं जातं." "मग बटणावर तसंच लिव्ह की!" दोन मिनिटांवर मात्र ती अडून बसली. "येळ ठाऊक नसंल तर सांगू नका. 'येळ लागंल, दुसरं काम करा' म्हणा." आदितीनं तेही लिहून घेतलं. बटण काचेखाली जातं आणि ठिपक्यांच्या आड भाषा बदलते, हे शब्दांनी सुटणारं नव्हतं. ते तिनं त्या सिस्टीमच्या मूळ मंडळींना कळवलं, आणि पुष्कळ भांडणानंतर तेही सुधारलं. पुढच्या वर्षी शाळेची खोली उघडली आणि तिथं मी शिकवलं. नंतर आदितीनंच मला पुण्याला ओढलं. मी आयुष्यभर तेच केलं: लोकांना यंत्रासमोर बसवायचं, शेजारी बसून ते कुठं अडतात ते टिपायचं आणि कितीही जीव तगमगला तरी तोंड उघडायचं नाही. याचे लोक पगार देतात हे आईला अजून पटलेलं नाही.

पण मला त्या संध्याकाळचंच जास्त आठवतं. आम्ही आदितीला स्टँडवर सोडायला गेलो. तिच्या दप्तरात आईनं ताज्या जवारीच्या पिठाची पिशवी कोंबली होती, दप्तराच्या चेनमधनं पीठ सांडत होतं. गाडी आली. आदितीनं वाकून आईच्या पाया पडायला बघितलं, आईनं तिला अर्ध्यातच उचललं. "काकू, मी हे सगळं करून पाठवते," ती म्हणाली, "पण परत चुकलं तर?"

"चुकलं तर ये," आई म्हणाली. "बसू परत." गाडी हलल्यावर तिला आणखी काहीतरी आठवलं, आणि गिरणीच्या सवयीनं ती सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "आन् बरुबर आलं, तरी बी ये!"

ती आली. आधी चुकलं म्हणून आली, मग बरोबर आलं म्हणून.